शेजारच्या बांधाला पुराची भरपाई आली, आमच्या रानाला नाही, नेमकं कुठं अडकलंय?

वेदगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. निपाणी भागातलं वेदगंगेकाठचं गाव आमचं. मळीचं रान पावणेदोन एकर, त्यात एकरभर ऊस आणि वरच्या अंगाला ३० गुंठे सोयाबीन. तिकडं भुदरगडात पाऊस लागला, पाटगावचं धरण भरलं की इकडं आमच्या रानात पाणी, हे काय नवीन नाही. पण गेल्या पावसाळ्यात पाणी चढलं ते उतरायचं नावच घेईना, सोयाबीनच्या शेंगा भरायच्या आत कुजल्या आणि उसाच्या पोंग्यात गाळ बसला. पाणी ओसरल्यावर तलाठी आणि शेतकी खात्यातले एकजण आले, मोबाईलवर फोटो काढले, सर्वे नंबर लिहून घेतला, वडिलांनी स्वतः उभं राहून दाखवलं सगळं. आता बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याच्या खात्यावर परिहाराचे, म्हणजे सरकारी नुकसानभरपाईचे पैसे जमा झालेत आणि आमच्यात काहीच नाही. ऑफिसात विचारलं तर एकजण म्हणतो एफआयडी नाही, दुसरा म्हणतो बँकेला आधार जोडा, तिसरा म्हणतो वरनंच आलं नाही, आता शेजाऱ्याला वरनं आलं आणि आम्हाला खालनं यायचं होतं का काय कळेना.

उतारा अजून आजोबांच्या नावावर आहे, आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. वडील आणि दोन चुलते, पैकी एक चुलते इचलकरंजीला असतात. वारसा लागल्याशिवाय पैसे येणारच नाहीत का? आणि आले तर साधारण किती येतील, म्हणजे यासाठी एवढी पळापळ करायची का नको ते तरी ठरवता येईल. जाणकारांनी सांगा.

संकेश्वरचा_ऑनलाईनवाला:
दादा, तुम्हाला तिघांनी तीन कारणं सांगितली पण ती तिन्ही एकाच साखळीतली आहेत, म्हणून गोंधळ होतोय. माझं दुकान ऑनलाईन कामाचंच आहे, पूर येऊन गेला की पुढचे दोन महिने माझ्याकडं हीच गर्दी असते.

आधी हे समजून घ्या की कर्नाटकात पीक नुकसानीचा पैसा आता चेकनं किंवा तलाठ्याच्या हातनं येत नाही. महसूल, शेतकी आणि बागायत खात्याचा जो जॉईंट सर्वे होतो त्याची माहिती परिहार सॉफ्टवेअरमध्ये भरतात, ते सॉफ्टवेअर तुमचा उतारा भूमीतनं (उताऱ्यांची ऑनलाईन नोंद) आणि तुमची ओळख फ्रूट्समधनं (शेतकऱ्यांची सरकारी नोंदणी) उचलतं आणि पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात पडतात. फ्रूट्सचा जो नंबर मिळतो तो एफआयडी. आता तुमचा उतारा आजोबांच्या नावावर, आजोबांचा आधार नाही, एफआयडी निघायचा प्रश्नच नाही, मग सर्वेत नुकसान शंभर टक्के लिहिलं असलं तरी पैसे टाकायचे कुणाच्या नावावर? रान बुडालं हे सरकारला मान्य आहे, फक्त रानाला मालक सापडत नाही त्यांना.

त्यामुळं वारसा लावून घेणं सुटत नाही. आजोबांचा मृत्यू दाखला, वंशावळ, सगळ्या वारसांची आधारं घेऊन नाडकचेरीत (महसूल खात्याचं आपल्या भागातलं ऑफिस) अर्ज द्या. नोटीसचा काळ जातो, कुणी हरकत घेतली नाही तर उताऱ्यावर नावं चढतात. मग प्रत्येकानं रयत संपर्क केंद्रात (शेतकी खात्याचं ऑफिस) जाऊन आपापला एफआयडी काढायचा, आणि इथं लोक फसतात ते सांगतो, एफआयडी काढला म्हणजे झालं असं नाही, त्यात तुमचे सगळे सर्वे नंबर जोडलेत का ते बघायचं. चार तुकडे असतील आणि दोनच जोडलेले असतील तर दोन तुकड्यांचेच पैसे येतात आणि माणूस म्हणतो सर्वेवाल्यानं कमी लिहिलं.

वडिलांचं आधार कुठल्या बँकेला लागलंय ते पण आत्ताच बघून ठेवा. पासबुकाला आधार झेरॉक्स जोडली म्हणजे लिंक झालं असं नसतं, आधार दहा खात्यांना दिलं असलं तरी सरकारी पैसा एकाच बँकेत जातो, जिथं शेवटी मॅपिंग झालं तिथं. माय आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून दिसतं, ओटीपी टाकून दोन मिनिटात कळतं. बाईमाणसाच्या नावावर रान असेल तर अजून सोपं, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे बायकांना मिळणारे दोन हजार ज्या खात्यात येतात त्याच खात्यात हे पण येणार. आणि पतसंस्थेतलं किंवा गावातल्या सौहार्द सहकारी सोसायटीतलं खातं दाखवून बसू नका, बहुतेकांचं ते यात चालत नाही.

कृष्णाकाठचा_गडी:
वरच्या भावानं कागदाचं बरोबर सांगितलंय. मी कागवाड तालुक्यातला, किती येणार ते माझ्याकडनं घ्या.

केंद्राच्या नियमात ३३ टक्क्यांच्या वर नुकसान झालं तरच धरतात. जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबाग वगैरे कायमच्या पिकाला २२,५००, आणि दोन हेक्टरच्या वर कितीबी बुडूद्या, दोनच हेक्टर. हेक्टर म्हटलं की आपल्या डोक्यात काय येत नाही म्हणून गुंठ्यावर काढून देतो, जिरायत गुंठ्याला ८६ रुपये आणि बागायत १७२. तुमचा ऊस एकरभर म्हणजे ६,८८०, सोयाबीन जिरायत धरलं तर ३० गुंठ्याचे २,५८०, मिळून ९,४६०. त्यावर राज्याचं वाढीव मिळालं तर साधारण १५,५०० पर्यंत जाईल. तीन भावांत वाटलं तर एकेकाला पाच हजार. आता पळापळ करायची का नको ते तुमचं तुम्ही ठरवा.

वाढीव म्हणजे काय ते पण सांगतो. दरवेळी पूर आला की त्यावेळचा मुख्यमंत्री केंद्राच्या दरावर आपल्या पदरचं थोडं चढवतो. २०१९ ला, तेव्हा आमचं निम्मं गाव शाळेत राहायला होतं, येडियुरप्पांनी हेक्टरी १०,००० जादा दिलं, घरात पाणी गेलेल्यांना तातडीचे १०,००० आणि पूर्ण घर पडलं त्याला ५ लाख. २०२१ च्या डिसेंबरात बोम्मईंनी जिरायत १३,६००, बागायत २५,०००, फळबाग २८,००० केलं. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी सिद्धरामय्यांनी कलबुर्गीकडची हवाई पाहणी करून हेक्टरी ८,५०० वाढीव जाहीर केलं, म्हणजे १७,०००, २५,५०० आणि ३१,०००. मूळ आणि वाढीव वेगवेगळे पण जमा होतात, म्हणून पहिली रक्कम कमी दिसली तर लगेच भांडायला जाऊ नका.

आकडे मोठे वाटतात, पण ऊसदराच्या आंदोलनात गुर्लापूर क्रॉसवर आपण टनाला ३,५०० मागून ३,३०० वर मिटवलं, त्या हिशेबानं एकर उसाची केंद्राची भरपाई म्हणजे दोन टन उसाचे पैसे. एकरात ४० टन काढणारा माणूस दोन टनासाठी महिनाभर ऑफिसच्या पायऱ्या झिजवतोय. बियाणं, लागण, खत, त्यातलं लागणीचंसुद्धा भागत नाही. याला नुकसान भरपाई म्हणूच नये, सरकार पण कागदावर इनपुट सबसिडीच, म्हणजे बी-खताच्या खर्चाला मदत असंच म्हणतंय.

आणि पूर राहूद्या, २०२३ च्या दुष्काळात काय झालं आठवा. राज्यातल्या २३६ पैकी २२३ तालुक्यात दुष्काळ जाहीर, राज्यानं केंद्राकडं १८,१७१ कोटी मागितले, महिने गेले तरी काय हालेना, मग राज्यानं आधी दोन दोन हजार वाटले आणि सुप्रीम कोर्टात गेलं, तवा कुठं एप्रिल २०२४ मध्ये ३,४५४ कोटी सुटले. तेवढ्यात पुढचा पेरा आला होता.

कागलचा_पाहुणा:
माझं थोडं रान कागल तालुक्यात आणि सासऱ्यांचं निपाणीकडं, त्यामुळं मी दोन्हीकडचं बघतोय. नदी तीच, पाणी तेच, पण दोन्हीकडच्या याद्या वेगळ्या. महाराष्ट्रानं ऑक्टोबर २०२५ ला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात कोरडवाहू १८,५००, हंगामी बागायती २७,०००, बागायती ३२,५०० आणि मर्यादा दोनऐवजी तीन हेक्टर. ऐकायला भारी, पण तुमचा तालुका, तुमचं मंडल यादीत बसलं पाहिजे, मग फार्मर आयडी, तो नसेल तर ई-केवायसी. कर्नाटकात एफआयडी, महाराष्ट्रात अॅग्रीस्टॅकचा फार्मर आयडी, पिकाची नोंद करायला कर्नाटकात बेळे समीक्षे, महाराष्ट्रात ई-पीक पाहणी. पलीकडं लई सुख आहे असं कुणी समजू नये, पलीकडचे पण सेतू केंद्राबाहेर उभेच असतात. फक्त तिथं मेसेज मराठीत येतो, तेवढा तरी स्वतः वाचता येतो.

येळ्ळूरचा_भातवाला:
हे पूर पूर काय बोलूलाय सगळे, आमच्याकडं नदी नाही, बळ्ळारी नाला आहे. येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवार दरवर्षी त्या नाल्याच्या पाण्याखाली जातंय, भाताची रोपं कुजतात, परत लावायची, परत पाणी. नाल्याचा गाळ आणि त्यातली जलपर्णी काढा म्हणून निवेदनं देऊन देऊन लोक म्हातारे झाले. आणि सर्वेला आले की विचारतात पाणी किती दिवस होतं. अहो भाताला पाणी लागतंच की, वरवर बघणाऱ्याला रान हिरवंच दिसतंय, खाली मूळ कुजलेलं असतं. ३३ टक्के कोण ठरवणार? पाणी असतानाच ज्यांनी तारखेसकट फोटो काढून ठेवले त्यांचंच थोडं ऐकून घेतलं, बाकीच्यांचं नाही.

आणखी एक, सर्वे नंबर बरोबर असून पण ज्यांना आलं नाही त्यांनी पीक काय लागलंय ते बघा. आमच्यातल्या एकाच्या रानात भात असताना पीक सर्वेत पड लिहिलेलं, सर्वे करणाऱ्या पोरानं बांधावरनंच फोटो मारला असणार. पड रानाला कसली भरपाई मिळते ओ?

संकेश्वरचा_ऑनलाईनवाला:
येळ्ळूरच्या मामांनी मुद्द्याचं सांगितलं, मी ते लिहायचं राहिलो होतो. बेळे दर्शक अॅपवर आपल्या सर्वे नंबरला कुठलं पीक लागलंय ते फोटोसकट दिसतं, चुकीचं असेल तर तिथंच हरकत टाकता येते, पण ती मुदतीत. हंगाम संपल्यावर मग कुणी हात लावत नाही. शक्य असेल तर शेतकऱ्यानं स्वतःच अॅपवरनं आपल्या रानाचा पीक सर्वे करून टाकावा, घरात कॉलेजची पोरं असतातच की.

आणि विमा वेगळा हे पण ध्यानात ठेवा. रोज कुणीतरी येऊन म्हणतंय विमा भरला होता तरी परिहार आला नाही. परिहार सरकारचा, त्याला हप्ता लागत नाही. पंतप्रधान फसल विम्याला खरिपाला शेतकऱ्याचा हिस्सा २ टक्के, आणि एकट्याच्या रानात पाणी शिरून नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवायला लागतं. लोक ७२ दिवसांनी येतात.

वाट्याचा_माळी:
मंडळी माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, याच धाग्यात विचारूलोय. मी दुसऱ्याचं तीन एकर निम्म्या वाट्यानं करतो, हुक्केरी तालुक्यात. बियाणं माझं, खत माझं, राबणं माझं. बुडालं ते माझं. आणि पैसे आले मालकाच्या खात्यात, मालक पुण्याला नोकरीला. फोन केला तर म्हणाले बघू. मला काही मागता येतं का?

जुना_वकील:
कागदावर नाही. कर्नाटक जमीन सुधारणा कायदा १९६१ चा, त्यात १९७४ ला दुरुस्ती झाली आणि शेतजमीन कसायला देणं, थोडे अपवाद सोडले तर, बंदच झालं. कायदा कुळाच्या भल्यासाठीच केला होता, कसणाऱ्यांना जमिनी मिळाल्याही, पण त्याचा आजचा परिणाम असा की वाट्याचा करार कुणी कागदावर करत नाही, मालक तर मुळीच नाही, उद्या हा कूळ लागला तर काय ही भीती. म्हणजे तुम्ही रानात आहात पण उताऱ्यावर नाही, आणि परिहार उताऱ्यामागं जातो. तुमच्यापुरतं सांगायचं तर मालकाशी गोडीनं बोला, आणि पुढच्या सालाला वाटा ठरवतानाच चार माणसांत बोलून घ्या की नुकसानीचा पैसा आला तर तो ज्याचा खर्च त्याचा. कोर्टात याला वजन नाही, पण गावात असतं.

मूळ प्रश्नाबद्दल एक. सामाईक उतारा असेल आणि पैसे एकाच भावाच्या नावानं घ्यायचे असतील तर बाकीच्यांची संमती लेखी द्यावी लागते, आमच्या भागात तरी तशीच मागतात. तुमचे इचलकरंजीचे चुलते लांब असले तरी वारसा अर्जात त्यांचं नाव वगळायचा शहाणपणा करू नका. असं करून पाच हजारासाठी भावाभावात दावे लागलेले मी पाहिलेत, आणि त्या दाव्यात हरकत पडली की उतारा गोठतो, मग परिहार पण नाही, पीककर्ज पण नाही.

कृष्णाकाठचा_गडी:
वकीलसाहेब पीककर्जावरनं आठवलं. पैसे आलेच तर ते बँकेनं कर्जाला वळते करून घेतले का ते बघा. दुष्काळाच्या वेळी असं लई झालं, मग सरकारनं बँकांना सांगितलं की परिहाराचा पैसा कर्जात कापायचा नाही. माझ्या भावाचे कापलेले, मॅनेजरला अर्ज दिला, परत आले. तोंडी सांगून परत येत नाहीत, अर्जावर पोच घ्यायची.

आणि कुणाचा फोन आला की परिहार मंजूर झालाय ओटीपी सांगा, तर सरळ शिव्या घालून ठेवा. आमच्या शेजारच्या गावात म्हातारीचे गृहलक्ष्मीचे साठवलेले गेले तसेच.

वेदगंगाकाठ:
सगळ्यांचे आभार, एवढं तर ऑफिसात कुणी सांगितलं नव्हतं. वडिलांचं सीडिंग बघितलं, ते निघालं पोस्टाच्या खात्याला, रोजगार हमीच्या वेळी काढलेलं, पासबुक पण सापडत नव्हतं. म्हणजे उद्या वारसा लागला असता तरी पैसे तिकडं जाऊन बसले असते आणि आम्ही बँकेत एन्ट्री मारत बसलो असतो. इचलकरंजीच्या चुलत्यांना फोन केला, ते म्हणाले माझा वाटा मला नको पण नाव मात्र लागलं पाहिजे, त्यात काय चूक नाही. येत्या आठवड्यात येतो म्हणालेत आधार घेऊन.

दोनच शंका. गेल्या पावसाळ्याचा परिहार वारसा लागल्यावर मागचा मिळतो का गेला तो गेला? आणि एफआयडीला तिघांचं वेगवेगळं पासबुक लागतं का वडिलांचं एकच चालतं?

संकेश्वरचा_ऑनलाईनवाला:
मागच्याचं तुमच्या सर्वे नंबरवर अवलंबून. परिहारच्या साईटवर वर्ष, हंगाम आणि पूर असं निवडून सर्वे नंबर टाकून बघा. नुकसानीची नोंद चढलेली असेल आणि पेमेंट नुसतं अडलेलं दिसत असेल तर वारसा लागल्यावर तहसीलदारांकडं अर्ज देऊन पाठपुरावा करण्यात अर्थ आहे, माझ्याकडच्या काहींचे असे उशिरा आलेत. नोंदच चढलेली नसेल तर मात्र मी उगाच आशा लावणार नाही. दाद लागली नाही तर १९०२ ला फोन करून तक्रार नंबर घ्या, नंबर असला की ऑफिसात थोडं वेगळं बोलतात.

पासबुक प्रत्येकाचं वेगळं, आधार वेगळं, फोटो वेगळा. तिघांनी एकदमच जा म्हणजे सर्वे नंबर जोडताना कुणाचा राहत नाही. जाताना उताऱ्याची ताजी प्रत घ्या, जुनी झेरॉक्स नको. आणि दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी जाऊ नका, सुट्टी असते, चुलते इचलकरंजीहून येणार म्हणजे आधी बघून घ्या.